घाटावरून मुंबईला, कामासाठी

‘कामासाठी मुंबईला जाऊन येतो’ हे पुण्यातल्या घराघरांत ऐकू येणारे वाक्य आहे. सकाळी निघायचे, दोन-तीन जणांना भेटायचे, कागदांवर सह्या घ्यायच्या आणि रात्री जेवायला घरी. या जाण्यायेण्याची झळ हवेला किती बसते, असा प्रश्न आता विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. हिशेब सोपा आहे. पुणे-मुंबई-पुणे असा सुमारे ३०० किलोमीटरचा फेरा एकट्याने मोटारीतून केला आणि गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले, तर २० लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका बैठकीपायी ४६ किलो. घाटातली कोंडी यात धरलेलीच नाही.

यावर हल्ली जे उपाय सांगितले जातात, ते बहुतेक बॅगेत मावणारे असतात. पाण्याची बाटली घरून न्या, हॉटेलातला टॉवेल रोज धुवायला टाकू नका, कागद छापू नका. वाईट काहीच नाही; पण ४६ किलोंपुढे ते फार किरकोळ आहेत. या वाटेचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर कामाच्या प्रवासात काटकसर कशाने होते, हे जास्त नीट कळते.

पेशवाईत पुण्याच्या सावकाराला सुरतेला किंवा काशीला पैसे पोचवायचे असले, तर तो स्वतः बैलगाडी जुंपत नसे. तो हुंडी लिहीत असे. दूरच्या पेठेत त्याचा गुमास्ता असे, नाहीतर ओळखीचा आडत्या. जासूद पत्र घेऊन जाई आणि रक्कम तिकडे चुकती होई. माल लमाणांच्या बैलांवरून घाट उतरे, मालक पेढीवरच बसलेला. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. प्रवास महाग, धोक्याचा आणि दिवस खाणारा होता, म्हणून माणसाऐवजी कागद पाठवण्याची व्यवस्था लोकांनी उभी केली होती. ही व्यवस्था विश्वासावर चाले, आणि विश्वास बसायला आधी कधीतरी समोरासमोर भेट झालेली लागे, हेही खरे.

बोरघाटातून चाकांची वाहने नीट चढावीत असा रस्ता १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला. मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र रिकामाच. त्यामुळे पाच वर्षे गंमतच होती. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. १८६३ मध्ये घाटातले रूळ जोडले गेले. त्यासाठी एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते पुढे चालवले. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने भिंतच. वाफेची इंजिने तिथे कोळसा खात आणि धूर ओकत. म्हणूनच विजेची गाडी आपल्याकडे फार लवकर आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२९ च्या अखेरीस विजेच्या तारा घाट चढून पुण्याला पोचल्या होत्या, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर किरमिजी पट्टे, दुसरी गडद निळी, सोनेरी रेघेची. डबे बांधले होते माटुंग्याच्या कारखान्यात.

सुरुवातीला ती शनिवार-रविवारची, शर्यतीच्या शौकिनांची गाडी होती, असे सांगतात. तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत पाय ठेवायला १९५५ चा जून उजाडावा लागला. पुढे ती रोजची झाली, पासवाल्यांची झाली, आणि शौकिनांच्या गाडीची कामकऱ्यांची गाडी बनली. तिने एक गोष्ट नकळत केली. गाडी ठरलेल्या वेळी परतणार, म्हणून लोक मुंबईतली कामे गोळा करून एका दिवसात बसवू लागले. सोमवारी बँक, बुधवारी वकील आणि शुक्रवारी दलाल असे तीन फेरे करण्यापेक्षा एका फेऱ्यात तिन्ही. पर्यावरणाच्या हिशेबात यापेक्षा मोठी बचत प्रवाशाला दुसऱ्या कशाने होत असेल, असे मला वाटत नाही.

आता विजेची गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असे लगेच म्हणायचे का? जरा थांबून म्हणावे लागेल. रेल्वेने या मार्गासाठी ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचे वीजघर बांधले होते आणि ते कोळशावर चाले. धूर डब्याच्या खिडकीतून गेला आणि ठाकुर्लीच्या आकाशात गेला, एवढाच फरक. दुसरीकडे, याच सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांच्या खोपोलीच्या केंद्रात १९१५ पासून वीज तयार होत होती. ती आधी गिरण्यांना आणि पुढे मुंबईच्या रेल्वेलाही मिळू लागली. तिला धूर नव्हता. पण मुळशीच्या धरणासाठी मावळातली गावे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, आणि तरी धरण झालेच. आपल्या दिव्यांचा आणि गाड्यांचा खर्च दुसऱ्या कोणीतरी भरलेला असतो, हे या घाटातून जाताना आठवावे असे मला वाटते.

विजेचा खरा फायदा दुसरीकडे होता. घाट उतरणाऱ्या गाडीला आवरावे लागते, आणि ब्रेक दाबला की सगळी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. इथल्या मालगाड्यांना १९२८ च्या सुमारास जी इंजिने आली, त्यांचा आकार लांबट, पुढे-मागे नाकाड असलेला होता आणि रेल्वेतले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. उतारावर या इंजिनांच्या मोटारी उलटे काम करून वीज तयार करत आणि ती तारेत परत जाई. तिच्यावर दुसरी गाडी घाट चढू शकत असे. आज विजेच्या मोटारींच्या जाहिरातींत हीच युक्ती नवी म्हणून सांगतात.

रेल्वेबाहेरही वाटून घेण्याची सवय होती. दादरच्या टॅक्सीतळावर सवाऱ्या भरल्याशिवाय पुण्याची टॅक्सी हलत नसे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी गेलेल्या एसटीच्या गाड्या परत आल्यावर ‘एशियाड’ हे नाव दादर-पुणे प्रवासाला कायमचे चिकटले. मग २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याने वेळ वाचवला, जुन्या घाटातले हाल कमी केले. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल. पण त्याच वाटेने एकेका साहेबाची एकेक मोटार धावू लागली. याला साहेबापेक्षा कचेरीचा प्रवासभत्ता जास्त कारणीभूत आहे. पद जितके वरचे, तितके वाहन मोठे आणि सहप्रवासी कमी, असे तक्ते आजही कित्येक ठिकाणी आहेत. डेक्कन क्वीनमधला पहिला वर्ग १९४९ मध्ये बंद झाला. आपल्या बिलांतला शाबूत आहे. ज्या कचेरीला कार्बन खरोखर कमी करायचा आहे, तिने टॉवेलांची पाटी लावण्याआधी हा तक्ता काढून पाहावा. रेल्वेने गेल्यास दोन तास कामाचे धरू, एकट्याच्या मोटारीला कारण लिहून मागू, एवढ्या दोन ओळींनी बराच फरक पडेल.

पुणे-मुंबई विमानाने जाण्याची हौस तर अजिबात करू नये. विमानाला सर्वांत जास्त जोर उडताना आणि वर चढताना लागतो. इतक्या जवळच्या प्रवासात तो जोर लावून होतो न होतो तोच उतरायची वेळ येते. फ्रान्सने २०२३ मध्ये, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येते, अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमाने कायद्याने बंद केली. आपल्याकडे त्याच वर्षी ठाणे-पुणे मार्गावर एसटीची विजेवर चालणारी शिवनेरी आली.

आणि न केलेला प्रवास? १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातली थेट डायल करण्याची पहिली सेवा सुरू झाली, तेव्हा हुंडीवाल्या सावकाराची युक्ती नव्या रूपात परत आली. २०२० मध्ये टाळेबंदीत डेक्कन क्वीनसुद्धा थांबली आणि बैठका पडद्यावर झाल्या. त्यातल्या किती बैठकांसाठी पुन्हा घाट उतरणे जरूर आहे, हे ज्याचे त्याला माहीत असते. नवी ओळख, अवघड वाटाघाट, कारखाना डोळ्यांनी पाहणे, यासाठी जावेच लागते. महिन्याच्या अहवालासाठी जावे लागत नाही. आणि जायचेच ठरले, तर डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत फिरते. मधल्या वेळात फोर्टातली तीन कामे सहज बसतात. वेळा आधी फोनवर ठरवून घ्याव्यात.