पडद्यावरचा पाऊस

बिदर-गुलबर्ग्याकडच्या आपल्या घरांतून काही शब्द दोन-दोन अर्थांनी नांदतात. मराठीत ‘मोड’ म्हणजे भिजवलेल्या मटकीला फुटलेला कोंब. कन्नडात ‘मोड’ म्हणजे ढग. ‘मळे’ म्हटले की मराठी कानाला ऊस-केळीचे मळे दिसू लागतात. शेजारच्या कन्नड घरात ‘मळे’ म्हणजे पाऊस. लहानपणी आजोळच्या ओसरीवर कुणी ‘मळे बरतद’ म्हणाले की शहरातून आलेला एखादा पाहुणा बुचकळ्यात पडे आणि आम्ही पोरे हसत असू. पण दोन्ही भाषांचे एका गोष्टीत कधी दुमत झाले नाही. कन्नड ‘मोड’ वर आल्याखेरीज मराठी ‘मोड’ खाली फुटत नाहीत.

त्या वेळी पावसाचा अंदाज सांगणारी साधने ठरलेली होती. पंचांगातली नक्षत्रे आणि त्यांची वाहने, मुंग्यांची लगबग, वाऱ्याची दिशा, आणि वीज कोणत्या अंगाला चमकते यावरून म्हाताऱ्या माणसांनी काढलेला निष्कर्ष. सरकारी साधन म्हणजे तालुक्याच्या गावी असलेले पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत आकडा लिहायचा. ही वही फार मोलाची, यात शंका नाही. पण ती पडून गेलेला पाऊस सांगते, आणि तोही त्या एका भांड्यात पडलेला. भांड्यापासून चार कोसांवर ढग फुटला तर वहीला त्याची खबर नाही. पाऊस पडत असतानाच तो कोठे उभा आहे, किती उंच आहे, कोठे चालला आहे, हे पाहणारा डोळा माणसाला मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तोही शोधायला गेले एक, सापडले दुसरे, अशा रीतीने.

रडार जन्मले शत्रूची विमाने हुडकण्यासाठी. यंत्रावर बसलेल्या सैनिकांना पडद्यावर अधूनमधून विमानांखेरीज काही धुरकट डाग दिसत. ते डाग पावसाचे होते. युद्धाच्या दृष्टीने ती अडगळ होती. विमान त्या डागाआड लपे. पण हवामानशास्त्रज्ञांनी ती अडगळच उचलून घेतली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली पावसाच्या थेंबांच्या आकारमानाविषयी जे सूत्र मांडले, त्याच्या आधारावर प्रतिध्वनीच्या जोरावरून पावसाचा जोर काढण्याची रीत रूढ झाली. आपल्या देशात १९५०च्या दशकात कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर वादळे टिपणारे रडार आले, आणि १९७० साली विशाखापट्टणमला चक्रीवादळांवर नजर ठेवणारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार बसले. पहारा आधी समुद्राकाठी आणि विमानतळांवर बसला. दख्खनच्या पठाराच्या मध्यावर असलेल्या आपल्या मुलखाची पाळी पुष्कळ उशिरा आली.

आता हा डोळा पाहतो कसा, ते पाहू. विजापूरच्या गोल घुमटात ज्यांनी एकदा तरी टाळी वाजवली आहे, त्यांना निम्मे रडार समजलेलेच आहे. टाळी वाजते, भिंतीवर आपटून परत येते. रडार टाळीऐवजी रेडिओलहरींचा एक अतिशय छोटा, जोरकस ठोका सोडते आणि मग गप्प बसून ऐकते. असे ठोके ते सेकंदाला शेकडो सोडते. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. हैदराबादहून निघालेला ठोका बिदरवरच्या ढगाला लागून परत यायला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारे पाऊण हिस्सा लागतो. लागलेल्या वेळावरून अंतर कळते, तबकडीचे तोंड कोठे आहे त्यावरून दिशा कळते, आणि ते किती उचललेले आहे त्यावरून उंची.

परत आलेल्या प्रतिध्वनीच्या जोरावरून पाऊस ओळखायचा; पण येथे मोठी गंमत आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी दुप्पट होत नाही. तो चौसष्ट पट होतो. म्हणजे चार टपोरे थेंब शेकडो बारीक थेंबांना झाकून टाकतात. ओल्या गारा तर यंत्राला हमखास चकवतात. गार पडत असता ते मुसळधार पाऊस समजून बसते. शिवाय थेंब ढगात स्थिर नसतात, सारखे हलत असतात, म्हणून प्रत्येक ठोक्याचा जबाब थोडा वेगळा येतो. एका साक्षीदारावर विसंबून न राहता पुष्कळांची साक्ष घ्यावी, तसे यंत्र अनेक ठोक्यांची सरासरी काढते आणि मगच आकडा मांडते. डोंगर, इमारती, मनोरे यांचेही प्रतिध्वनी येतात. ते रोज एकाच जागी असतात. त्यांना वगळावे लागते.

आरंभी हे सारे एका गोल काचेच्या पडद्यावर दिसे. मध्यभागी रडार, भोवती अंतराची वर्तुळे, आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी एक प्रकाशाची रेघ. रेघ ढगावरून गेली की तेथे डाग उजळे आणि पुढच्या फेरीपर्यंत हळूहळू विझत जाई. अंधाऱ्या खोलीत बसलेला निरीक्षक पडद्यावर पारदर्शक कागद ठेवून डागांच्या कडा पेन्सिलीने गिरवून घेई, किंवा पडद्याचा फोटो काढी. मग डागांची दिशा, अंतर आणि उंची सांकेतिक आकड्यांत मांडून तारयंत्राने पुढे पाठवी. ढगांचा लेखी इतिहास असा पेन्सिलीने लिहिला गेला. तो लिहिणाऱ्याच्या हाताइतकाच अचूक होता, आणि फिकट सरी पुष्कळदा कागदावर येण्याआधीच विझत.

पुढे संगणक आला. प्रत्येक दिशेच्या प्रत्येक तुकड्याचा आकडा साठू लागला आणि त्या आकड्यांना रंग मिळाले: हलका पाऊस निळा-हिरवा, जोराचा पिवळा, त्याहून जोराचा तांबडा. तबकडी एकेक पायरी वर उचलत आकाशाचे थर तपासते आणि साधारण दहा मिनिटांत साऱ्या आकाशाची एक फेरी पुरी करते. २००२ साली चेन्नईला देशातले पहिले डॉप्लर हवामान रडार सुरू झाले. आगगाडी जवळ येताना शिटीचा स्वर चढतो व दूर जाताना उतरतो, त्याच न्यायाने हे यंत्र थेंब आपल्याकडे येताहेत की दूर चाललेत, तेही सांगते. पाऊस किती, याच्या जोडीला वारा कसा, हे कळू लागले.

दख्खनच्या पठारावर या विद्येची गरज भासली ती दुष्काळामुळे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात मधली काही वर्षे वगळून अकरा पावसाळे सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात विमानातून ढगांवर मीठ फवारले आणि पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचे अनुमान काढले. २००३ च्या दुष्काळात कर्नाटकाने ‘वरुण’ आणि महाराष्ट्राने ‘वर्षा’ या नावाने हेच प्रयत्न केले. २०१५ साली मराठवाडा होरपळत असता औरंगाबादेस रडार बसवून विमाने उडवली गेली. आणि २०१७ साली कर्नाटकाच्या ‘वर्षधारी’ योजनेत तीन रडार बसले: बेंगळूर, गदग आणि सुरपूर. हे सुरपूर २००९ अखेरपर्यंत आपल्या गुलबर्गा जिल्ह्यातच होते. तुरीचे कोठार म्हणून ‘तोगरीय कणज’ म्हणवणाऱ्या या मुलखाच्या दारी ढग पाहणारा डोळा असा आला.

तेव्हा गावोगाव एकच प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त होता: पडला तो पाऊस विमानाने पाडला, की तो पडणारच होता? वादविवादाने याचे उत्तर मिळत नाही. ते मिळते नोंदींतून. ज्या ढगावर फवारले आणि ज्यावर मुद्दाम फवारले नाही, अशा दोहोंचे प्रतिध्वनी मिनिटा-मिनिटाने साठवून ठेवायचे आणि मग ताडून पाहायचे. पुण्याच्या संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर हे ठाणे धरून नेमके हेच केले. २७६ ढग तपासले; २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फवारलेल्या ढगांचा पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी अधिक भरला. पण त्याबरोबर हेही खरे की, निरभ्र आकाशातून पाऊस काढणारे यंत्र कोणाजवळच नाही. ढग असावा लागतो, आणि तोही योग्य असावा लागतो.

आता आपल्या घरचा हिशेब. रडारची लहर साधारण सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून जितके दूर जावे तितकी लहर जमिनीपासून उंच होत जाते. हैदराबादहून बिदर सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. लहर अर्धा अंश उचललेली असली तर बिदरवरून ती जवळपास पावणेदोन किलोमीटर उंचीवरून जाते. कलबुर्गी सुमारे १७५ किलोमीटर. तेथे ती सव्वातीन किलोमीटरवर पोचते आणि तिची रुंदीही तोवर तितकीच पसरलेली असते. म्हणजे कलबुर्गीचा ढग हैदराबादला दिसतो तो गळ्यापासून वर. त्याचे पाय दिसत नाहीत. पाऊस मात्र पायाशी पडतो. बुटका ढग खालून निघून गेला तर पडद्यावर त्याचा मागमूसही नसतो. सोलापूर कलबुर्गीहून सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे ते जवळचे. पण ते ठाणे प्रयोगासाठी होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. उदगीर, निलंगा एका बाजूला आले, भालकी, बसवकल्याण, आळंद दुसऱ्या. ढगांनी ती रेषा कधी मानली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे क्षेत्र १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले, हैदराबाद बुडवून आपल्या जिल्ह्यांवरून सोलापूरकडे गेले. पाठोपाठ उजनीचे पाणी सुटले आणि अफजलपूरपासून भीमाकाठची गावे पाण्यात गेली. एकाच पावसाने चार राज्ये ओलांडली. अशा वेळी पूर्वेला काय दिसते आहे ते पश्चिमेच्या गावाला वेळेवर कळणे, यातच यंत्राचे सार्थक आहे.

एक घरचा प्रसंग सांगून थांबतो. भालकी तालुक्यात आमचे एक मामा आहेत. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन कापून शेतात पडले होते. भाच्याने मोबाइलवर हैदराबादच्या रडारचे चित्र उघडून दाखवले. मामांनी चष्मा सारखा करीत विचारले, “हे पिवळं काय रे?”

“पाऊस, मामा. जहीराबादच्या अंगाला आहे.”

“आणि चाललाय कुणीकडं?”

दहा मिनिटांनी नवे चित्र आले. पिवळा ठिपका पश्चिमेला सरकला होता. मामा चित्राकडे पाहून उठले, ओसरीच्या टोकाला जाऊन पूर्वेकडे पाहिले, वारा अंगावर घेतला, आणि शेजारच्या कन्नड गड्याला हाक घातली, “मळे बरतद! ताडपत्री काढा!” तासाभरात सोयाबीनची गंजी झाकली गेली. पाऊस आला तो बेताचाच. पण गंजी कोरडी राहिली.

मामांनी पडद्यावर विश्वास ठेवला की वाऱ्यावर, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनी दोहोंची साक्ष घेतली, हे उघड आहे. यंत्रही तेच करते. आपल्या सीमाभागातल्या शेतकऱ्याला आणखी एका साक्षीदाराची गरज आहे: ढगाचे पाय पाहणारा, जवळचा. तो मिळेतोवर पडद्यावरचा पाऊस पाहावा, आणि ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन यावे, हे उत्तम.