वाळूतले शंख, जे शंख नव्हतेच

हा भाग समुद्रावर बसून ऐकत असाल, तर चिमूटभर वाळू तळहातावर घ्या. मोठे शंख-शिंपले राहू द्या. आजची गोष्ट खसखशीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहूनही बारीक शंखांची आहे.

इटलीतल्या रिमिनीच्या किनाऱ्यावर जिओव्हानी बियांकी नावाच्या डॉक्टरने अशी वाळू मायक्रोस्कोपखाली धरली आणि १७३९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याला दिसले वेटोळं घातलेले, आत कप्पे असलेले इवलेसे शंख. अगदी नॉटिलससारखे! नॉटिलस म्हणजे आपल्या माकूळचा कवचवाला भाऊबंद. पुढे १७५८ मध्ये लिनियसने यातल्या एकाचं नावच ठेवलं ‘नॉटिलस बेकारी’. झालं, शिक्का बसला.

१७८४ मध्ये इंग्लंडमधल्या सँडविच गावचा सर्जन विल्यम बॉइज आणि चित्रं काढणारा जॉर्ज वॉकर यांनी तिथल्या वाळूतल्या बारीक शंखांचं पुस्तक छापलं. त्यात गोगलगाईंचे खरे शंख आणि हे कप्पेवाले एकाच पंगतीला बसलेत. चूक कशी म्हणायची? हातात होतं ते फक्त रिकामं कवच.

मग आला फ्रान्सचा आल्सिद दॉर्बिन्यी. ला रोशेलजवळच्या किनाऱ्यावर वाढलेला, या कवचांनी झपाटलेला पोरगा. नुसत्या चित्रांनी समाधान होईना, म्हणून पठ्ठ्याने त्यांचे मोठे नमुने मऊ दगडात कोरले. कप्प्यांमधल्या भोकांवरून त्याने १८२६ मध्ये गटाला नाव दिलं, फोरामिनिफेरा. पण बसवलं कुठे? माकूळ-नॉटिलसच्याच घरात. आणि निघाला दक्षिण अमेरिकेला, जवळजवळ आठ वर्षांसाठी.

तो परतला १८३४ मध्ये. पुढच्याच वर्षी फेलिक्स द्युजार्दँने जाहीर केलं, यात माकूळ वगैरे काही नाही. त्याने वेगळं काय केलं? जिवंत प्राणी पाहिला, बस्स. कवचातून बारीक धागे बाहेर येतात, त्यांच्या आधाराने तो सरकतो. डोकं नाही, पाय नाहीत, आत नुसता चिकट जीवद्रव. आज आपण त्याला एकपेशीय म्हणतो.

दॉर्बिन्यीने हट्ट धरला नाही, स्वतःचं वर्गीकरण बदललं. हे मला जाम आवडतं. त्याने दिलेलं नाव मात्र टिकलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जुन्या समुद्राचा अभ्यास करताना हीच कवचं वापरली जातात.

तळहातावरची वाळू अजून आहे ना? भिंग काढा.