जात्यावरची कैफियत

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, सुमारे ११२९ सालच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, राजाने कोणते विनोद जाणावेत आणि कोणत्या गायनप्रकारांचा आस्वाद घ्यावा याचे सविस्तर निरूपण चालले असता, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी एक त्रोटक नोंद मध्येच येऊन जाते. दरबारी ग्रंथात उखळापाशी उभ्या असलेल्या बाईला मिळालेली ही जागा अल्पच म्हणायची. तथापि ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ ओवीतून मराठीत आणला, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती श्रमणाऱ्या बायकांच्या तोंडी रुळलेली होती, एवढे या नोंदीवरून निर्विवाद ठरते.

त्या बायका गात कशासाठी होत्या, याचे ‘श्रमपरिहारासाठी’ हे उत्तर आपल्याकडे इतके सर्वमान्य झाले आहे की त्यापुढे विचारण्याची कोणी तसदी घेत नाही. दळणाचे श्रम भारी होते यात शंकाच नाही. कोंबडा आरवण्याच्या सुमारास उठावे, जाते झाडून घ्यावे, एका हाताने खुंटा धरून दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालावी, आणि उजाडेपर्यंत घरच्या माणसांना दिवसभर पुरेल एवढे पीठ पाळीखालून बाहेर पडावे, हा नित्यक्रम आजारपणातसुद्धा सहसा चुकत नसे. पण श्रम हलके करायला देवाचे नाव पुरले असते. सासूचे बोल, नणंदेचे टोमणे, माहेरी न्यायला न आलेला भाऊ आणि पोटचे गेलेले मूल ही सारी जात्यावर कशाला यावीत?

याचे कारण जात्याच्या स्थळकाळात आहे असे मला वाटते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा चौदा वर्षांवर आणली. म्हणजे तत्पूर्वी त्याहूनही लहान पोरी सर्रास परक्या घरी नांदत होत्या. अशा पोरीला दिवसभरात एकांत मिळण्याची सोय कुठेच नव्हती, आणि उलट बोलण्याची तर नव्हतीच नव्हती. पुरुषाला आपल्या गाऱ्हाण्याची कैफियत घेऊन पाटलाकडे, मामलेदाराच्या कचेरीत, फार तर हुजुरापर्यंत जाण्याचा मार्ग होता. तिला पहाटेचा तो एक प्रहर होता, जेव्हा घर निजलेले असे, दगडाच्या घरघरीत स्वर निम्मा बुडून जाई, आणि समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ किंवा शेजारीण ऐकून घेई. ऐकून घेई एवढेच नव्हे, तर पहिलीचा दम सरला की दुसरी तीच ओळ उचलून पुढे नेई, आणि अशा रीतीने एकीचे दुःख दोघींच्या गळ्यांतून फिरत राही.

शिवाय त्यात एक विलक्षण मुभा होती. पहिली ओवी देवाला, पुढची आईबापांना असा प्रघात सांभाळला की पुढे काहीही गायले तरी ते ‘गाणे’ ठरे, तक्रार ठरत नसे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या पाहाव्यात. या ओव्यांतली सीता अयोध्येची राणी फारशी नसतेच. ती सासुरवाशीण असते, कैकेयी तिची सासू असते, आणि गर्भारपणी रानात टाकून दिलेल्या तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. देवळातला कथेकरी सीतेचे पातिव्रत्य वर्णन करतो; जात्यावरची बाई मात्र, त्या वेळी तिच्याजवळ कोण होते, हे आधी विचारते. माजघरात पडल्या पडल्या सासू हे ऐकत असेलही, परंतु रामायण गाणाऱ्या सुनेला ती कोणत्या तोंडाने गप्प करणार?

पुढे संग्राहकांनी हे धन वेचले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडच्या खंड काढले, आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या टिपून घेतल्या. त्यांत केवळ रडगाणी आहेत असे कोणी समजू नये. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्यांत सासुरवासाच्या त्याच चालीवर अभिमान गाइला जातो. जे साधन सोसण्यासाठी घडले होते, ते ताठ मानेने उभे राहण्याच्याही कामी आले.

मात्र या साऱ्याचे उदात्तीकरण करणे मला मान्य नाही. जात्यावर कैफियत दाखल होई, निवाडा कधीच होत नसे. ओवी गाऊन मन हलके झालेली सून उजाडताच त्याच सासूपुढे त्याच चुलीशी बसे, आणि सोसण्याचे बळ पुरवणाऱ्या या सोयीने सोसण्याची मुदतही वाढवली असेल, ही शंका मनातून जात नाही. म्हणूनच गावात आधी तेलाच्या इंजिनावरची आणि मागाहून विजेवरची पिठाची गिरणी आली, तेव्हा बायकांनी जाते सोडले, ते हळहळत बसण्यासाठी नव्हे. डोक्यावर डबा घेऊन त्या गिरणीकडे वळल्या आणि पहाटेची झोप त्यांच्या पदरात पडली. गेली ती वहिवाट, जिच्या आधारे कोणाची परवानगी न घेता बाईला मनातले बोलता येत असे. तिच्या जागी दुसरे काही द्यावे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आता जाते पुसून मांडवात आणले जाते ते लग्नाची हळद दळण्यापुरते. खुंट्याला सुपारी बांधतात, सुवासिनी पाच वेळा हात लावतात, आणि ओव्या येणारी एखादी वृद्धा भावकीतून मुद्दाम बोलावून घ्यावी लागते. तिला सासुरवासाच्याही पुष्कळ येत असतात. पण मंगलकार्यात त्या म्हणायच्या नसतात.