तळटीप ७ : ल्यूकोतचे शिपाई

७. ल्यूकोत : पॅरिसमधील जुना खेळणी-कारखाना, सुरुवात फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास. नेपोलियनच्या (१७६९–१८२१) फौजेतील पलटणींचे भरीव शिसे-शिपाई येथे ओतून हाताने रंगवले जात. पुढे हा व्यवसाय पॅरिसच्याच सी. बी. जी. मिन्यो यांच्याकडे गेला, त्यामुळे कोणता माल कोणाचा हे ठरवताना जाणकारही अडखळतात. मामा घोडेस्वार उलटा करून पायपट्टीखाली जी मधमाशी शोधतात, ती ल्यूकोतची खूण. तिच्या दोन बाजूंना एल आणि सी ही अक्षरे असत. मधमाशी हे नेपोलियनचे राजचिन्ह. १८०४च्या राज्याभिषेकातील त्याच्या झग्यावरही सोनेरी मधमाश्या भरलेल्या होत्या. पुढच्या परिच्छेदातले ‘चपटे’ शिपाई मात्र निराळे : ते जर्मनीतील न्यूर्नबर्गचे, कथील-शिशाच्या मिश्रणाचे, पत्र्यासारखे पातळ. तेथे ऐर्न्स्ट हाइनरिक्सनने १८३९मध्ये कारखाना काढला व त्याच्यामुळे सुमारे ३० मि.मी. हे माप रूढ झाले. मूळ रंगाचे टवके उडाले असले तरी चालतात. नव्याने रंगवलेल्या शिपायाची किंमत मात्र संग्राहकांत घसरते. मामींनी हौसेने केलेल्या रंगकामावर मामा भडकतात ते यामुळेच.