हाफ डोम आणि लाल फिल्टर

फिल्टरचा विषय निघाला की मला अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आठवतो. १० एप्रिल १९२७, योसेमिटी. समोर हाफ डोमचा उभा कडा आणि जवळ उरलेल्या काचेच्या प्लेट्स फक्त दोन. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. मग वाटलं, छे, कड्याचा दरारा यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर! लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश जवळजवळ काळं आलं. तोच 'मोनोलिथ'.

आपण डिजिटलवाले मात्र रंगीत फोटो कृष्णधवल करताना हे सॉफ्टवेअरमध्ये करतो. तेव्हा लाल फिल्टरवर पैसे घालू नका, पोलरायझर घ्या. पाण्यावरच्या चकाकीखालचं जे फोटोत आलंच नाही, ते नंतर कुठून काढणार?