उर्ला आणि इझ्मीरचा पश्चिम किनारा

उर्ला : तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरील गाव. देशातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर इझ्मीर येथून ते पश्चिमेला सुमारे ३५ किमी. आहे. गावापुढे द्वीपकल्प थेट चेश्मे बंदरापर्यंत जाते व समोर ग्रीसचे खिओस बेट दिसते. इझ्मीरला मुक्काम ठेवून या टापूतले एकेक गाव एका दिवसात पाहून परतता येते. हाताशी एकच दिवस असेल, तर तो उर्लाला द्यावा.

उर्लाच्या बंदरालगत प्राचीन क्लाझोमेनाय नगराचे अवशेष आहेत. तत्त्वज्ञ अनॅक्सागोरस येथला. उत्खननात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील ऑलिव्ह तेलाचा घाणा सापडला. तो पुन्हा उभारलेला असल्याने फळे दगडी जात्यात चिरडणे, लगदा दाबणे व कुंडांत तेल पाण्यावर तरंगू देणे हा सारा क्रम डोळ्यांसमोर उभा राहतो.

द्वीपकल्पाचे आजचे रूप मात्र १९२२-२३ च्या उलथापालथीने घडले. तोवर येथल्या अनेक गावांत ग्रीक ऑर्थोडॉक्स वस्ती मोठी होती आणि द्राक्षमळे प्रामुख्याने तिच्याकडे होते. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर ही माणसे बेघर झाली. लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीत क्रीट, मॅसिडोनिया इत्यादी भागांतले मुस्लिम येथे आले. पुष्कळ शेतांत वेलींच्या जागी तंबाखू उभा राहिला. ग्रीक कवी यॉर्गोस सेफेरिस याचे बालपणीचे उन्हाळे उर्लाच्या बंदरात गेले; १९१४ मध्ये कुटुंबासह अथेन्सला गेलेल्या या कवीला १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उलट दिशेने ग्रीसमधील फ्लोरिनाहून लहानपणी नेजाती जुमाली आला. उर्लात वाढलेल्या या तुर्की लेखकाने ‘त्युत्युन झमानी’ या कादंबरीत येथल्या तंबाखू-शेतकऱ्यांचे जगणे मांडले. एकाच गावाने घर गमावलेला आणि घर मिळालेला असे दोन लेखक दिले, हे माहीत असेल तर उर्लाच्या गल्ल्या निराळ्या दिसतात.

गेल्या दोनेक दशकांत द्राक्षे परतली आहेत. गावाभोवतीच्या टेकड्यांवरील छोट्या वाइनरी ‘बागांचा रस्ता’ या नावाने जोडल्या गेल्या असून ‘उर्ला कारासी’ हे काळे स्थानिक वाण आणि सुगंधी ‘बोर्नोवा मिस्केती’ चाखण्यासाठी लोक मुद्दाम येतात. तोडणी पाहायची असल्यास ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा. वसंतात मात्र गाव आर्टिचोकचे असते. नाशिक-सांगलीच्या वाचकाला आणखी एक ओळखीचा दुवा सापडेल : इझ्मीरमागच्या मानिसाच्या मैदानातील बिनबियांचे ‘सुलतानिये’ द्राक्ष म्हणजेच आपले थॉमसन सीडलेस. त्याचे बेदाणे इझ्मीर बंदरातून जगभर गेले.

उत्तरेकडे वळलेल्या काराबुरुनच्या डोंगराळ भागात ‘हुर्मा’ ऑलिव्ह होते. समुद्री दमट हवेत एका बुरशीमुळे त्याचा कडूपणा झाडावरच जातो आणि खारवल्याशिवाय ते खाता येते. आलाचाती हे दगडी घरांचे, पवनचक्क्यांचे व विंडसर्फिंगचे गाव. ते देखणे आहे, पण उन्हाळ्यात गर्दीने गुदमरते, म्हणून एप्रिल-मेमध्ये जावे. चेश्मेचा किल्ला १५०८ मधला. त्याच्यासमोरच्या उपसागरात १७७० मध्ये रशियन आरमाराने ऑटोमन आरमार जाळले.

दक्षिणेला सिआजिकच्या तटबंदीत रविवारी बाजार भरतो. जवळच तेओस नगरातील डायोनायससचे मंदिर आहे. सिआजिक ज्या सेफेरिहिसार तालुक्यात येते, तो २००९ मध्ये तुर्कस्तानातील पहिले ‘संथ शहर’ ठरला. उत्तरेचे फोचा म्हणजे प्राचीन फोकाइया. येथल्या दर्यावर्दींनी इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फ्रान्समधील मार्से वसवले. किनाऱ्यालगतच्या बेटांत दुर्मिळ भूमध्यसागरी सील आढळतो.

चेश्मेहून फेरीबोटीने अर्ध्याएक तासात खिओस गाठता येते. बेटाच्या दक्षिणेकडील गावांत मस्तकी झाडाच्या सालीला चिरा पाडून सुगंधी डिंक काढतात. हे कौशल्य २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. प्रवास छोटा असला तरी तो परदेशाचा आहे : भारतीय पारपत्रधारकांनी शेंगेन व्हिसा घ्यावा आणि तुर्कस्तानचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे निघण्यापूर्वीच तपासावे.