दप्तरी अखंड, तोंडी ढलपी

इंग्रजीतला 'चिप' हा मुळात लाकूडतोड्यांच्या कामातला शब्द. कुऱ्हाडीचा घाव बसला की उडते ती चिप, म्हणजे आपली ढलपी. दगडाची किंवा खापराची असली तर कपची. मराठीत चिप स्त्रीलिंगी झाली ती या दोघींच्या पंगतीला बसली म्हणूनच, असं मला आपलं वाटतं.

आज इलेक्ट्रॉनिक्समध्ये जिला चिप म्हणतात, त्या वस्तूचं कागदोपत्री नाव मात्र अगदी उलट्या टोकाचं आहे. 'इंटिग्रेटेड सर्किट'मधल्या पहिल्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'इंटेगर' आहे. 'इन' म्हणजे न, 'तांगेरे' म्हणजे स्पर्श करणे. ज्याला कुणाचा हात लागला नाही, म्हणून जे भंगलं नाही, ते. गणितात त्याचा पूर्णांक झाला. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द 'अक्षत'. थोडक्यात, दप्तरी अक्षत आणि तोंडी ढलपी.

दोन्ही नावं आपापल्या जागी खरी आहेत. सिलिकॉनच्या जाड कांडीचे पातळ काप काढतात, ते वेफर. एका वेफरवर शेकडो सर्किटं एकदम घडवतात आणि मग ती कापून सुटी करतात. सुटा तुकडा म्हणजे चिप. (बटाट्याचे वेफर्स आणि चिप्स आपल्याकडे एकच, इथे एकातून दुसरी निघते.) सिलिकॉन हे नाव लॅटिन 'सिलेक्स'वरून आलं, आणि सिलेक्स म्हणजे गारगोटी. सिलिकॉन व्हॅलीचं कुणी मराठी भाषांतर केलंच, तर कोल्हापूरकर गारगोटीवरून हक्क सांगायला मोकळे.

पण पहिली चिप ना सिलिकॉनची होती, ना पुरती अखंड. 12 सप्टेंबर 1958 रोजी डॅलसला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी जी वस्तू वरिष्ठांना चालवून दाखवली, ती जर्मेनियमची जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची पट्टी होती. ट्रान्झिस्टर, रोधक, धारित्र, सगळं त्या एकाच तुकड्यात होतं. जोडण्या मात्र सोन्याच्या बारीक तारांनी, हाताने, वरून अधांतरी केलेल्या. कंपनीने पुढे त्याला 'सॉलिड सर्किट' म्हटलं. तारा लोंबकळत असताना सॉलिड म्हणायला जरा धाडसच लागतं. फेअरचाइल्ड कंपनीचे रॉबर्ट नॉइस यांनी 1959च्या जुलैमध्ये पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात त्या तारा गेल्या. सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा निरोधक थर आणि त्या थरावर धातूच्या रेघा. ऑक्साइडचा थर तसाच राखून ठेवायची युक्ती त्यांचे सहकारी जाँ होर्नी यांची.

मग भांडण लागलं, आणि ते शब्दावर लागलं. किल्बी यांचा अर्ज फेब्रुवारी 1959चा, म्हणजे आधीचा. तारांऐवजी निरोधक थरावर सोनं 'लेड डाउन' करता येईल, असं त्यांनी त्यात जाता जाता लिहून ठेवलं होतं. नॉइस यांच्या अर्जात शब्द होता 'अ‍ॅडहेरंट', चिकटून बसलेला. घातलं म्हणजे चिकटलं, असा अर्थ निघतो का? कल्हई लावली म्हटल्यावर ती भांड्याला चिकटली हे वेगळं सांगावं लागत नाही. किल्बी यांच्या बाजूचं म्हणणं साधारण तसंच होतं. 1967मध्ये पेटंट मंडळाने ते मान्य केलं. 1969मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवलं: 'लेड डाउन'मध्ये चिकटणं गृहीत धरता येत नाही. जोडण्यांचा दावा नॉइस यांच्याकडे गेला. मला हा निकाल कोरडा वाटतो, पण चूक म्हणवत नाही. त्या साऱ्या शोधाचा जीवच चिकटण्यात होता. व्यवहारात फरक काहीच पडला नाही. दोन्ही कंपन्यांनी 1966मध्येच एकमेकींना परवाने द्यायचं ठरवून टाकलं होतं. किल्बी यांना 2000 साली नोबेल मिळालं. नॉइस 1990मध्येच वारले होते.

मराठी पुस्तकांत या वस्तूला 'एकात्मिक परिपथ' म्हणतात. परिपथ हा शब्द नेमका आहे: लॅटिन 'सिर्कुम' म्हणजे भोवती, 'इरे' म्हणजे जाणे, परि आणि पथ तेच सांगतात. एकात्मिक मात्र ऐकला की मला आधी बालविकास योजना आणि अंगणवाडी आठवते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात कुणी एकात्मिक परिपथ मागत नाही. 'दोन पाचशे पंचावन्न द्या' म्हटलं की पुरतं. आठ पायांची ती टायमरची आयसी, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, 1972पासून बाजारात आहे. दुरुस्तीवाला टीव्ही उघडतो आणि 'आयसी उडाली' म्हणतो. कधी 'उडाला'. चिपचं लिंग ठरलं, आयसीचं अजून ठरायचंय.

इकडे कारखानदारांनी गेल्या काही वर्षांत मोठी चिप मुद्दाम छोट्या तुकड्यांत वाटून घ्यायला सुरुवात केली आहे. क्षेत्रफळ वाढलं की त्यात एखादा दोष सापडायची शक्यताही वाढते आणि अख्खा तुकडा वाया जातो. लहान तुकडे केले तर खराब तेवढेच टाकायचे. हे चांगले तुकडे मग एका पॅकेजात पुन्हा जोडतात. अशा तुकड्याला 'चिपलेट' म्हणतात. म्हणजे ढलपीचीही ढलपी. दुकानात हा शब्द पोचलेला नाही, कारण चिपलेट सुटी विकत मिळत नाही.